एक नाटक, एक चवथ, एक डिस्क : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२४, रविवार

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या घरचा माळा उपसताना पत्र्याच्या पेटीत दोन कॅसेटी सापडल्या. एक व्हीएचएस : १९९६ साली देवळाच्या उत्सवात गावाने केलेलं संगीत नाटक. मोठे काका त्यात नायक. दुसरी बाबांच्या हँडीकॅमची, आठ मिलिमीटरची. त्याच वर्षीची घरची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी : माटोळीपासून (गणपतीवर बांधतात ती फळापानांची सजावट) घुमट आरतीपर्यंत (घुमट या मातीच्या वाद्यावरची).

काकांना हे यंदाच्या चवथीला सगळे जमल्यावर लावायचं आहे. ७ सप्टेंबर, म्हणजे बरोबर दोन महिने. घरात पेटीसारखा जुना टीव्ही आणि त्याच वयाचा डीव्हीडी प्लेअर. पेन ड्राइव्हला खाच नाही, रिमोट कधीच मेला आहे. मी म्हटलं दोन डिस्क करू. काका म्हणाले, "एकूच डिस्क जाय." मध्येच उठून डिस्क बदलणं म्हणजे नाटकाच्या मधोमध बत्ती घालवणं, असं त्यांचं मत.

१० जुलै

पहिली चूक, आणि सगळ्यात घाणेरडी. मित्राच्या आईकडे चालू व्हीसीआर मिळाला, त्या आनंदात कॅसेट नीट न बघताच आत सारली. वीस सेकंद चित्र दिसलं, मग नुसत्या मुंग्या. बाहेर काढून खिडकीसमोर धरली तेव्हा रिळाच्या कडेला पांढरे धागे दिसले. बुरशी. आमच्याकडच्या पावसात चामड्याच्या चपलांनाही येते, कॅसेटला का येऊ नये? ती बुरशी आता व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसली होती, तीही दुसऱ्याच्या.

कॅसेट आधी उजेडात तिरकी धरून बघा. रिळाची कड काळी आणि गुळगुळीत दिसली तर ठीक. भुरकट किंवा जाळीदार दिसली तर ती मशीनच्या जवळही नेऊ नका.

१४ जुलै, रविवार

अख्खा दिवस साफसफाईत गेला.

हेड : आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला केलेला साबराच्या चामड्याचा तुकडा हेड बसवलेल्या ड्रमवर स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने गोल फिरवायचा. तुकडा वरखाली घासायचा नाही, हेडचं टोक तुटतं. कापसाचा बोळा अजिबात नको, तंतू अडकतात.

कॅसेट : खालचे पाच स्क्रू काढले, रिळं बाहेर घेतली, टेप दुमडलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडातून हळूहळू दुसऱ्या रिळावर ओढली. तोंडाला मास्क बांधून, गॅलरीत बसून, पाऊस थांबला होता तेवढ्या वेळात. शेजारच्या काकींनी कॅसेट तांदळाच्या डब्यात पुरून ठेव म्हणून सांगितलं. तांदळाची पूड टेपला लागली की हेडला सँडपेपर. दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवली.

आठ मिलिमीटरची कॅसेट मात्र स्वच्छ निघाली. बाबांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती.

२० जुलै

कॅप्चर, म्हणजे टेपवरचं कॉम्प्युटरच्या फाइलीत उतरवणं. व्हीसीआरची पिवळी-पांढरी वायर यूएसबीच्या छोट्या कॅप्चर डबीत, डबी कॉम्प्युटरमध्ये. ऐकायला एवढंच. आज तीन वेळा हरलो.

पहिल्यांदा चित्र काळंपांढरं आणि वरखाली सरकणारं. अर्धा तास वायरी बदलत बसलो. दोष वायरीचा नव्हता, सॉफ्टवेअर मुळातच अमेरिकेच्या एनटीएससी या टीव्ही-पद्धतीवर लावलेलं होतं. आपल्याकडचं सगळं पाल : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. ते बदलताच रंग आले.

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग आठ मिनिटांतच थांबलं. बाहेरची हार्ड डिस्क फॅट३२ पद्धतीने मांडलेली होती, तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस करून घेतली.

तिसऱ्यांदा आवाजात सतत "हंऽऽऽ" असा गुणगुणाट. हार्मोनियमच्या सुराखाली दुसरा एक हट्टी सूर. व्हीसीआरला केबल टीव्हीची वायर लावलेली राहिली होती. ती काढली आणि व्हीसीआर व कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले. गुणगुणाट गेला.

२७ जुलै, शनिवार

पूर्ण नाटक एकदा कॅप्चर केलं आणि शेवट बघितला. ओठ आणि आवाज यांत सव्वा सेकंदाचं अंतर. सुरुवातीला अंतर नाही, हळूहळू वाढत गेलेलं. जुन्या टेपचा सिग्नल डगमगतो, कॅप्चर डबी मधल्या फ्रेम गाळते, आवाज मात्र अखंड येतो. गद्यात कदाचित चाललंही असतं. पदात ताल चुकलेला दिसतो, आणि ते गाणारा माणूस, म्हणजे काका, अजून हयात आहे.

फोंड्याच्या एका मित्राकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर धूळ खात होता. रेकॉर्डिंगसाठी नाही, नुसता मध्ये जोडला : व्हीसीआर ते रेकॉर्डर, रेकॉर्डर ते डबी. अशा काही रेकॉर्डरांमध्ये येणारा सिग्नल सरळ करून पुढे पाठवणारी यंत्रणा असते. हा तसा निघाला, नशीब. २ तास ४८ मिनिटांत एकही फ्रेम गळली नाही. वाकडे खांब सरळ झाले ते वेगळंच.

चवथीची कॅसेट बाबांच्याच हँडीकॅमवर वाजवली. बॅटरी गेली होती, अडॅप्टरवर चालला. ३७ मिनिटं. त्यात काही सांगण्यासारखं नाही.

कॅप्चर कधीही थेट एमपेगमध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या दाबलेल्या रूपात करू नका. मी चित्रातलं काहीच न गाळणारा लॉसलेस कोडेक वापरला, तासाला सुमारे ३० जीबी. जागा भरपूर खातो, पण पुढे दहा वेळा चुकायला मोकळीक राहते. मी दहाहून जास्त वेळा चुकलो.

३ ऑगस्ट

एकूण २०५ मिनिटं. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला 'पाल डीव्हीडी' हे ठरलेलं लक्ष्य देऊन फाइल सोडली आणि झोपलो. सकाळी ९.९ अब्ज बाइट. डिस्कच्या दुपटीहून जास्त. ते लक्ष्य चित्राला सेकंदाला ६००० किलोबिट आणि आवाजाला ४४८ देतं, कितीही लांब फाइल असली तरी. दीड तासाच्या आत असेल तरच वापरा.

मग कागद-पेन्सिल घेतली, जे आधीच करायला हवं होतं. डिस्कवर लिहिलेले ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. विंडोज तेच ४.३८ जीबी दाखवतं. हे न कळल्यामुळे मी आधी ४.६ जीबीची फाइल बनवून 'बसेल' म्हणून खूश झालो होतो. बर्निंग सॉफ्टवेअरने दारातूनच परत पाठवलं.

हिशेब असा. डिस्क काठोकाठ भरायची नाही, कारण सांगतो पुढे. ४.४ अब्ज बाइट धरले. गुणिले ८, भागिले १२,३०० सेकंद : २८६० किलोबिट. त्यातून आवाजाचे १२८ आणि पॅकिंगचे दोनेक टक्के वजा. चित्राला उरले २६७०च्या आसपास, मी २६०० लावले.

आवाजाला १२८ पुरतात, कारण या व्हीएचएसचा आवाज मोनो आहे. दोन्ही बाजूंना तोच आवाज दोनदा भरून जागा घालवायची कशाला?

४ ऑगस्ट, रविवार

२६०० वर एन्कोड केलं, म्हणजे दाबून डीव्हीडीच्या रूपात आणलं. चित्र म्हणजे लाद्यांची फरशी. चेहरा हलला की चौकोन पडतात.

मग मला शहाणपण सुचलं : वेळच कमी करू. अंकांमधला बंद पडदा, टाळ्या, माइकवरच्या सूचना, देणगीदारांची नावं आणि सगळे 'वन्स मोअर' कापले. ३४ मिनिटं वाचली. बिटरेट, म्हणजे चित्राला सेकंदाला मिळणारे किलोबिट, ३१५०पर्यंत चढला. चौकोन थोडे कमी झाले, गेले नाहीत.

१० ऑगस्ट

लॅपटॉप घेऊन काकांकडे. त्यांनी पहिलं पद ऐकलं, पुढचा प्रवेश सुरू झाला आणि त्यांनी हात वर केला. "वन्स मोअर खंय गेलो?"

मी जागेचा हिशेब सांगू लागलो. ते ऐकत नव्हते. त्या पदाला तीन वेळा वन्स मोअर मिळाला होता, तिसऱ्या वेळी त्यांनी तान वेगळी घेतली होती, ती कुठे? बरोबरच होतं त्यांचं. देणगीदारांच्या यादीतही आजोबांचं नाव होतं, तेही मीच कापलं होतं. काकी आतून म्हणाल्या, तेवढं तरी ठेव.

नंतर काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. "आनी ह्यो मुयो कित्याक धांवतात रे?" टेपचे दाणे. पडदा पडलेला, रंगमंचावर कोणी नाही, आणि त्या लाल मखमलीवर लाखो मुंग्या.

परत येताना बाणस्तारीच्या पुलावर गाडी अडकली होती, तेव्हा डोक्यात आलं. एन्कोडरला मुंगी आणि नट यांतला फरक कळत नाही. दोन्ही हलतात, म्हणून दोन्हींवर बिट खर्च करतो.

११ ऑगस्ट

तपासून पाहिलं. दर्जा एकच ठेवायचा, आकार मोकळा सोडायचा, आणि पाच-पाच मिनिटांचे दोन तुकडे एन्कोड करायचे. पहिला तुकडा भर संवादाचा. दुसरा मध्यंतराचा, बंद पडद्याचा. दुसरा पहिल्याच्या ऐंशी टक्के भरला. म्हणजे काहीच न घडणारा पडदा जवळजवळ नाटकाएवढीच जागा खात होता.

कापलेली ३४ मिनिटं जशीच्या तशी परत घातली. कापायचं ते मुंग्यांमधून.

१५ ऑगस्ट

सुट्टीचा उपयोग. तीन गोष्टी, फायद्याच्या क्रमाने.

एक. रुंदी ७२० वरून ३५२ केली, उंची ५७६ तशीच. डीव्हीडीच्या नियमात हा आकार बसतो, जुना प्लेअरही तो ओळखतो. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच जेमतेम २४० रेषांएवढा असतो. ७२०मध्ये मी हवा भरून ठेवत होतो. एन्कोडर चित्राचे १६ बाय १६ चे तुकडे करतो : ७२०ला ते १६२०, ३५२ला ७९२. तेवढेच बिट निम्म्या तुकड्यांत वाटायचे. चौकोन ऐंशी टक्के इथेच गेले. उंचीला मात्र हात लावू नका. चित्र दोन फील्डच्या, म्हणजे दोन अर्ध्या चित्रांच्या, एकाआड एक ओळींनी विणलेलं असतं, उंची बदलली की वीण विस्कटते.

दोन. चित्राच्या तळाशी व्हीएचएसची थरथरणारी पट्टी असते, ती १६ ओळींच्या काळ्या पट्टीने झाकली. काळ्याला बिट लागत नाहीत, आणि पेटीवाला टीव्ही कडा तशाही गिळतो. कापून ताणायचं नाही, नुसतं झाकायचं.

तीन. मुंग्या मारणारा फिल्टर. त्याची कथा उद्या, आज डोळे दुखतात.

१७ ऑगस्ट, शनिवार

फिल्टरने एक दिवस खाल्ला. आधी सरळ पूर्ण फ्रेमवर लावला, तर हलत्या हाताला दातेरी कडा आल्या. दोन्ही फील्ड वेगळी करायची, फिल्टर लावायचा, पुन्हा विणायची, असा रस्ता सापडला.

मग हाव सुटली. जोर दुप्पट केला. मुंग्या शून्य, आणि नट मेणाचे. आरतीत निरांजन फिरलं की मागे ज्योतीची शेपटी. जोर उतरवत उतरवत मूळ आकड्याच्याही खाली आलो. थोड्या मुंग्या राहू द्याव्यात. बंद पडद्याचा तुकडा आता नाटकाच्या पाव जागेत बसतो, एवढं पुरे.

१८ ऑगस्ट

नाटक आता सुंदर. कॅमेरा स्टँडवर, मागे रंगवलेला राजवाडा, तो कुठे पळून जात नाही. पण चवथ फाटली.

बाबांनी हातात कॅमेरा घेऊन माटोळी डावीकडून उजवीकडे सावकाश दाखवली आहे. सुपाऱ्यांचे घोस, कवंडळं, तोरिंगण, आंब्याचे टाळ, रानातल्या वेली, त्यातून उदबत्तीचा धूर. एन्कोडरला छळायला कोणी मुद्दाम सजावट करून दिली असती तरी याहून चांगली जमली नसती. प्रत्येक पान वेगळं आणि प्रत्येक पान सरकतं. त्यावर फुलबाज्या.

यावर उपाय दोन पासचं एन्कोडिंग. पहिल्या फेरीत एन्कोडर नुसता बघत जातो, दुसऱ्या फेरीत पडद्याचे बिट काढून माटोळीला देतो. अट एकच : दोन्ही फायली एकत्र जोडून एन्कोड करायच्या. मी आधी वेगवेगळ्या, सारख्या सरासरीने करत होतो, त्यामुळे नाटकाची बचत नाटकातच राहत होती. कमाल मर्यादा ८००० किलोबिट ठेवली. माटोळी आता पानापानाने दिसते.

घुमटाचा आवाज मात्र टेपवरच फाटलेला आहे. कॅमेऱ्याचा माइक शेजारी होता. त्याला काही करता येत नाही.

२४ ऑगस्ट

पहिली डिस्क घेऊन सावईवेऱ्याला, भर पावसात. माझ्या कॉम्प्युटरवर आणि घरच्या सपाट टीव्हीवर ती उत्तम चालली होती. काकांच्या टीव्हीवर नट हलला की थरथरतो, एक पाऊल पुढे, अर्धं मागे. उभा राहिला की ठीक. काकी म्हणाल्या, भूत लागल्यागत दिसतो.

फील्डचा क्रम उलटा. कॅप्चर डबीने वरचं फील्ड आधी दिलं होतं. मी एन्कोडरला खालचं आधी असं सांगितलं होतं, कारण कुठेतरी 'पाल म्हणजे खालचं आधी' असं डोक्यात बसलं होतं. ते डीव्ही कॅमेऱ्याच्या टेपसाठी खरं, डबीसाठी नाही. सपाट टीव्ही आणि कॉम्प्युटर स्वतःच फील्ड मिसळतात, त्यामुळे चूक लपून राहते. ज्या टीव्हीवर लावायचं आहे त्याच टीव्हीवर दोन मिनिटांचा तुकडा आधी तपासा. मी अख्खी डिस्क आणि अर्धा दिवस घालवला.

२५ ऑगस्ट, रविवार

क्रम सुधारून पुन्हा एन्कोड. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन फेऱ्यांना साडेतीन तास. दुसरी फेरी नव्वद टक्क्यांवर असताना वीज गेली. यूपीएस नाही. पहिल्या फेरीची नोंद फाइल डिस्कवर शाबूत असते, ती वापरून फक्त दुसरी फेरी चालवता येते, हे त्या वेळी माहीत नव्हतं. मी दोन्ही पुन्हा केल्या.

३१ ऑगस्ट

डीव्हीडीस्टायलरमध्ये मांडणी, इमगबर्नने बर्निंग. रिमोट नाही म्हणून मेनूही नाही, डिस्क आत गेली की नाटक सुरू, संपलं की चवथ. प्रत्येक पदाच्या सुरुवातीला चॅप्टर टाकला, प्लेअरवरचं पुढे जायचं बटण अजून चालतं.

तयार फोल्डर विंडोजला ३.९८ जीबी दिसतो. ही मोकळी जागा मुद्दाम. डिस्क आतून बाहेर भरते, आणि स्वस्त डिस्क व म्हातारा प्लेअर यांचं भांडण बाहेरच्या कडेलाच होतं. ८ एक्स वेगाने जाळलेली (लिहिलेली) डिस्क शेवटच्या दहा मिनिटांत अडखळली, तीच फाइल ४ एक्सने जाळली तर सरळ गेली. ८.५ जीबीची दुपदरी डिस्कही एक मागवली होती. सगळी कटकट वाचली असती, पण काकांच्या प्लेअरने तिला ओळखच दाखवली नाही.

६ सप्टेंबर, तय (चवथीचा आदला दिवस)

डिस्क सावईवेऱ्याला पोहोचवली. माटोळी बांधायचं काम चाललं होतं, मलाही शिडीवर चढवलं. रात्री एकट्याने सुरुवात, मध्य आणि शेवट तपासले.

७ सप्टेंबर, चवथ

दुपारी जेवणं झाल्यावर लावली. चोवीस माणसं, पोरं पाटावर. काकांच्या पहिल्या पदानंतर टीव्हीतून वन्स मोअर आला, खोलीतूनही आला. बंद पडद्यापाशी काका पुढे वाकून टीव्हीला नाक लावून बसले. "मुयो गेल्यो मरे!" चवथीच्या भागात फुलबाज्यांना दोन ठिकाणी चौकोन पडले. मी कोणाला सांगितलं नाही.

११ सप्टेंबर

खर्च : कॅप्चर डबी १,१५०, आयसोप्रोपिल आणि चामडं २२०, दहा डिस्क ३५०, दोन रीरायटेबल २४०, दुपदरी डिस्क १९०. एकूण २,१५० रुपये. व्हीसीआरच्या मालकिणीला नेवऱ्यांचा डबा, रेकॉर्डरच्या मालकाला अजून काही नाही. दहांतल्या चार डिस्क वाया. मूळ लॉसलेस फायली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक फोंड्यात, एक बहिणीकडे म्हापशाला. उरलेल्या डिस्कांतल्या तीन चुलतभावांनी कालच मागून नेल्या.